न बोलावता वर आलेले

काकांना सगळे अन्नदाते म्हणायचे. मागून नव्हे, तोंडावर. त्यात चेष्टा आहे हे काकांना कधी कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी ती पदवी समजून खिशात घातली. समुद्रातल्या जाळ्यांवर माशांना खाद्य टाकणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? पण नाव पडलं ते माशांमुळे नव्हे. काकांच्या घरी कोणीही गेलं, विजेचा मीटर वाचायला आलेला असो की पत्ता चुकलेला असो, त्याच्या पुढ्यात ताट यायचंच. आलेल्याने तोंड उघडायच्या आत ताट. आधी पोटोबा आणि नंतर पुन्हा पोटोबा, असा त्या घराचा कायदा होता.

मी त्यांचा पुतण्या. रोज सकाळी त्यांना होडीने जाळ्यांवर न्यायचं आणि काम झालं की परत आणायचं, ही माझी नोकरी. इतकी वर्षं एका फळीवर बसल्यामुळे त्यांच्यावर माझा जेवढा राग आहे तेवढा कोणाचा नसेल. पण दुसरं कोणी त्यांच्याबद्दल वाकडं बोललं तर त्याच्या अंगावर पहिला मीच जाईन. ही दोन्ही वाक्यं खरी धरून पुढचं वाचा.

मधे बरेच महिने काका मला एकच प्रश्न विचारत होते. होडी धक्क्यावरून सुटली की प्रश्न, इंजिन बंद केलं की तोच प्रश्न. "ती मला न सांगता का गेली रे?" ती म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी ताई. नवऱ्याचं घर सोडून ती दूरच्या शहरात निघून गेली होती, आणि बापाला त्याची खबर लागली ती नंतर, एका फोनवरून. "मी बरी आहे, तिकडे राहत नाही, काळजी करू नका," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. काका घायाळ झाले. "मी काय परका होतो? एक शब्द तरी बोलायची होतीस," असं ते त्या बंद फोनला सांगत बसायचे.

मला उत्तर माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण काकांचं घर मला माहीत होतं.

काकू गेली तेव्हा ताई शाळेत होती. घरातलं माणूस गेलं की लोक येतात, बसतात, चार शब्द बोलतात. काकांना बोलताच येईना. कोणी काही म्हणालं की ते उठून स्वयंपाकघरात जायचे. तोवर त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. भात करपला, बटाटे कच्चे राहिले, तव्यावर बोटं भाजली, पण हळूहळू हाताला चव आली. रात्रंदिवस रडणाऱ्या पोरीला काय सांगावं ते त्यांना सुचत नसे. मग ते तिला अंडं तळून द्यायचे. पोरगी हुंदके देत देत खायची आणि खाता खाता गप्प व्हायची. काकांना वाटलं, सापडला उपाय. वाईट एवढंच झालं की तेव्हा तो खरंच लागू पडला. पहिल्याच वेळी फसला असता तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं.

पुढे ताईला परीक्षेत कमी गुण पडले, काकांनी मासा तळला. मैत्रिणीशी भांडण झालं, काकांनी खीर केली. ती मोठी होत गेली, ताट मोठं होत गेलं. बापलेकीत बोलणं असं फारसं झालंच नाही. पण कोणी म्हणालं असतं की या दोघांत माया कमी आहे, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

कामावर काका तसेच. आमच्या इथे समुद्र दोन डोंगरांमधून आत शिरतो आणि जरा निवांत होतो. तिथे पाण्यावर जाड प्लास्टिकच्या नळ्यांची मोठाली कडी तरंगतात. प्रत्येक कड्याखाली खोल पिशवीसारखं जाळं सोडलेलं आणि त्यात मासे. मोकळे असते तर कुठल्या कुठे गेले असते. इथे ते गोल गोल फिरतात, खातात, वजन वाढवतात. कंपनीने खाद्य उडवणारं यंत्र आणून दिलं होतं. काकांनी ते एक दिवस चालवलं आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. "कोणाचं पोट भरलंय आणि कोणाचं नाही, ते त्याला काय कळणार?" म्हणाले. ते आपला पत्र्याचा डबा कड्यावर आपटायचे. खालून काळपट सावल्या वर यायच्या, मग मूठमूठ खाद्य फेकायचं, आणि पाणी उकळल्यासारखं खदखदायचं. मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारायचे.

"ओळखतात मला," काका म्हणायचे.

"डब्याला ओळखतात," मी म्हणायचो.

"आणि डबा कोण वाजवतो, तुझा सासरा?"

खाद्य टाकण्याआधी पाण्यातला प्राणवायू मोजायचा, असा नियम होता. लांब तारेच्या टोकाला बोटभर नळकांडं असतं. ते एकदा वर बुडवायचं, एकदा थेट जाळ्याच्या तळापर्यंत सोडायचं आणि दोन्ही आकडे पाटीवर खडूने लिहायचे. आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे माशांच्या डॉक्टर, या बाबतीत कडक होत्या. काका नळकांडं वरच्या वर बुचकळायचे आणि खालचा आकडा अंदाजाने टाकायचे. ओली तार सोडायची, गुंडाळायची, तोवर मासे ताटकळत राहणार, हे त्यांना सोसायचं नाही. "पाहुणा दारात उभा आणि आपण त्याची नाडी बघत बसायचं?" हा त्यांचा सवाल. मी दोनचारदा टोकलं. पालथ्या घड्यावर पाणी.

ताईचं लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी. कडक इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, जिभेवर साखर. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही, पण मला फार लोक आवडत नाहीत, त्यामुळे माझ्या मताला किंमत नव्हती. बसने तासाभरावरच त्यांचं घर. पहिल्यांदा ताई सहा महिन्यांनी आली. मग महिन्याने. मग दर आठवड्याला यायला लागली.

काकांचा आनंद गगनात मावेना. धक्क्यावर दिसेल त्याला सांगायचे, "लेक सासरी गेली की माहेर विसरते म्हणतात. माझी बघा, आठवडा निघत नाही तिचा." आदल्या दिवशीच खरेदी, सकाळपासून खटपट. ताई यायची आणि आधी सगळ्या खिडक्या उघडायची. एका जागी बसायची नाही. परसात जायची, धक्क्यावर यायची, मला म्हणायची, "मला जरा फिरवून आण ना होडीतून, कुठेही." मी न्यायचो. ती टोकाला बसून वाऱ्याकडे तोंड करायची. एकदा म्हणाली, "आमच्याकडे आतली दारं लावायची नाहीत असा नियम आहे. न्हाणीघराचंसुद्धा." मी विचारलं, "कोणाचा नियम?" ती म्हणाली, "वळव आता होडी, बाबा वाट बघत असतील."

पुढे तिने नोकरी सोडली. सोडली की सोडायला लावली, ते तिने सांगितलं नाही. फोन करायची तो आवाज मोठा ठेवून करायची, म्हणजे शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही ऐकू यावं असा. आणि मग ती फिरेनाशी झाली. यायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि बसून राहायची. खाणं कमी झालं. बोलणं कमी झालं. हसायची, पण जेवढ्यास तेवढं. मी काकांना म्हणालो, "ताईचं काहीतरी बिनसलंय."

"अशक्तपणा आहे," काका म्हणाले. "पोटात काही जात नाही तिच्या. माझ्या हातचं चार दिवस खाल्लं की येईल ताळ्यावर."

त्या शेवटच्या खेपेला मी तिथेच होतो. मासा द्यायला गेलो होतो आणि अर्थातच मला ताटावर बसवलं होतं. ताई आली ती मोठी बॅग घेऊन. तीच बॅग, लग्नानंतर जाताना नेलेली. काकांनी ती बघितली आणि तोंडभर हसले. "वा, म्हणजे या वेळी राहणार दोन दिवस."

ताई स्टुलावर बसली. "बाबा, मला तुमच्याशी जरा..."

"हो हो, बोलू की. हा एवढा तुकडा गरम आहे तोवर खा."

"मला भूक नाही, बाबा."

"भूक खाल्ल्यावर लागते. चेहरा बघ कसा झालाय, चोखलेल्या कोयीसारखा."

तिने ताटाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. एक घास घेतला. तो घास किती वेळ तिच्या तोंडात होता, ते मी पाहिलं आहे. काका पाठमोरे उभे राहून दुसरा तुकडा तळत होते आणि उद्या काय काय करायचं त्याचा बेत सांगत होते. संध्याकाळी जावई आला. दारातच म्हणाला, "न सांगता निघून आली हो, काळजी वाटली म्हणून आलो." काकांनी त्यालाही बसवलं, पोटभर जेवू घातलं. जावईबापूंना रस्सा वाढा, जावईबापूंना मासा वाढा. निघताना दोघांच्या हातात डबे दिले आणि ती मोठी बॅग काकांनी स्वतः उचलून बसमध्ये ठेवली. ताई खिडकीपाशी बसली होती. काका तिला म्हणाले, "डबे परत द्यायची घाई नाही."

त्यानंतर ती आली नाही. काका म्हणाले, "संसारात रमली." मग केव्हातरी तो फोन आला. जावई दोनदा येऊन गेला, पहिल्यांदा साखर घोळवत आणि दुसऱ्यांदा साखरेशिवाय. तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं की हा माणूस वेगळाच आहे. पण ताईवरचा रुसवा गेला नाही. "तो कसाही असो. तिने मला सांगायला नको होतं?"

आणि मग त्या वर्षीचा उन्हाळा आला. दिवसचे दिवस पानही हललं नाही. पाण्याचा रंग आधी हिरवट झाला, मग शिळ्या चहासारखा, आणि एका सकाळी बघतो तर रंग गेलेला, पाणी आरशासारखं स्वच्छ. मला वाटलं, चला, सुटलो. डॉक्टरीणबाई कामासाठी बाहेरगावी गेल्या होत्या आणि त्याच सकाळी परतणार होत्या.

आम्ही पहिल्या कड्याशी पोचलो. काकांनी डबा उचलला, पण वाजवायची वेळच आली नाही. मासे आधीच वर आलेले होते. सगळेच्या सगळे. पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडंच तोंडं, उघडत होती, मिटत होती.

काका डबा धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी खोटं सांगत नाही. "बघ," म्हणाले, "न बोलावता आले. होडीचा आवाज ऐकला आणि आले. माझी स्वतःची लेक..." 

मला ते काही ठीक दिसेना. एकही मासा उडी मारत नव्हता. भांडण नाही, धक्काबुक्की नाही. सगळे तिरके उभे, तोंड वर, आणि कल्ले भराभर फडफडत होते. मी म्हणालो, "काका, तार सोडा खालपर्यंत." त्यांनी नळकांडं वर बुचकळलं. आकडा नेहमीपेक्षा कमी होता, पण चालण्याजोगा होता. "भुकेने कासावीस झालेत," म्हणाले आणि मूठ फेकली.

काही माशांनी खाल्लं. बऱ्याच जणांनी नाही. दाणे त्यांच्या तोंडाशी येऊन बाजूला तरंगत गेले. एरवी न खाणाऱ्या माशांना काका दुसरी मूठ टाकत नसत, तेवढं त्यांना कळत होतं. पण त्या दिवशी त्यांना काय झालं होतं कोण जाणे. आजाऱ्याला भरवतात तसं थोडं थोडं, इथे टाक, तिथे टाक, गोड बोलून घाल. "खा रे, खा बाबा. हा एवढा घे." आणि ते घ्यायचेही, कडेचे काही. एक कडं संपलं, दुसरं झालं, तिसऱ्यापर्यंत आम्ही आलो. सगळीकडे तेच. दरेक कड्यावर तोंडं वर, आणि काका जास्तच हळवे होऊन वाढत चाललेले.

चौथ्या कड्याकडे वळताना मी मागे बघितलं. पहिल्या कड्यात पांढरं काहीतरी चमकत होतं. मासा कुशीवर गेला की त्याचं पोट पांढरं दिसतं. आधी एक दिसलं, मग इकडे तिकडे, आणि मग मला ती मोजता येईनात. मी होडी वळवली. काका "काय झालं, काय झालं" करत राहिले. पहिल्या कड्याशी आलो तेव्हा मघा ज्यांना भरवलं होतं तेच आधी उलटे होत होते.

डॉक्टरीणबाई धक्क्यावरून तशाच दुसऱ्या होडीने आल्या, प्रवासाच्या कपड्यात. त्यांनी तार खालपर्यंत सोडली, आकडा बघितला आणि ती माझ्या हातात दिली. खाली जवळजवळ काहीच नव्हतं. हवा सोडायचा पंप कंपनीकडे एकच होता. तो शेवटच्या कड्यांवर लावला. ज्या कड्यांपर्यंत काका पोचले नव्हते, तिथले बरेच मासे वाचले. काकांनी ज्यांना हाताने भरवलं, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. नवीन पंप पुढच्या आठवड्यात आले. बैल गेला आणि झोपा केला.

दुपारभर आम्ही मेलेले मासे उपसले. मग काका कड्यावर बसले आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ते वर आले होते. भूक लागल्याशिवाय मासा वर कशाला येईल?"

बाई थकल्या होत्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शेजारी बसून शांतपणे सांगायला लागल्या. पाण्यातलं ते हिरवं शेवाळ मेलं, खाली जाऊन कुजलं आणि कुजताना तिथली हवा संपवून बसलं. हवा कमी झाली की समुद्रातला मासा पहिल्यांदा काय करतो, तर निघून जातो. अस्वस्थ होतो, वर जातो, बाजूला जातो, चांगलं पाणी शोधतो. मोकळ्या समुद्रात तो असा निघून जातो आणि कोणाला कळतही नाही. जाळ्यातल्याला जाता येत नाही. मग तो वर येतो. पाण्याचा अगदी वरचा थर हवेला टेकलेला असतो, त्यात थोडा प्राणवायू असतो, तेवढा थर तो तोंडाने ओढत राहतो. तेही पुरेनासं झालं की तो स्वतःला आवरतो. हलत नाही, भांडत नाही, काळजाचे ठोके कमी करतो, खाणं सोडतो. आहे तेवढ्यावर जगायचं, असं. "तसा तो बराच वेळ तग धरतो, काका. बघणाऱ्याला वाटतं, शांत आहे. पण खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो. तेव्हा पोटात अन्न गेलं की जगण्यासाठी राखून ठेवलेला तिकडे खर्च होतो."

"म्हणजे भुकेने नव्हे," काका म्हणाले.

"नाही."

"मला बघूनही नव्हे."

बाई म्हणाल्या, "तुम्ही असतात काय, नसतात काय, त्यांना वर यावंच लागलं असतं."

परतताना काका होडीत पाठ करून बसले. इंजिनाच्या आवाजात मला आधी ऐकू आलं नाही. मी इंजिन बंद केलं. ते म्हणत होते, "आधी सगळ्या खिडक्या उघडायची रे. मग फिरायची. मग नुसती बसायला लागली. आणि मी वाढत होतो."  होडी तशीच वाहत राहिली. त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न मला कधीच विचारला नाही.

पुढच्याच सुट्टीला, ताईच्या मैत्रिणीकडून तिचा पत्ता मिळवून, ते मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला तिथे बोलता आलं नाही तर कोणीतरी असावं." बसस्टँडवर फळांची गाडी होती. काका तिच्यासमोर उभे राहिले, खिशात हात घातला, आणि तसाच रिकामा बाहेर काढला. म्हणाले, "रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायची ही पहिलीच वेळ माझी."

ताई सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. खोलीत एक खाट, एक टेबल, दोरीवर दोन साड्या, आणि आतून दोन कड्या असलेलं दार. केस कापले होते. अंगाने भरली होती. आम्हाला बघून दचकली, मग म्हणाली, "या." काका खाटेच्या काठावर बसले. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीखाली घातले.

मला वाटलं होतं, मलाच सुरुवात करावी लागणार. पण तेच बोलले. "दर आठवड्याला यायचीस. तुझा तिथे जीव गुदमरत होता, म्हणून यायचीस. मला ते दिसलं नाही. मला वाटायचं, माझ्यासाठी येतेस."

ताई टेबलाला टेकून उभी होती. 

"तुमच्यासाठीच येत होते, बाबा," ती म्हणाली. "नुसती हवा खायची असती तर घराजवळ बाग होती. तिथे बसले असते. तुमच्याकडे येत होते. तुम्ही एकदा नुसतं 'राहा' म्हणाला असतात ना, बॅग उघडायचीच बाकी होती माझी."

काकांनी हात मांडीखालून काढले. मग म्हणाले, "आता म्हणतो. चल. राहा."

"आता माझी नोकरी आहे इथे." ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर काकांना धरायला काहीतरी मिळालं असतं. "राग होता खूप. आता तोही नाही. मी बरी आहे खरंच."

खालच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं. ताईने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, कामाच्या पाळीची वेळ झाली म्हणाली आणि कामावरचा झगा पिशवीत घातला. काका उठले. दारापाशी गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी येत जाऊ का अधूनमधून?"

"या ना," ताई म्हणाली. "पण आधी फोन करून या."

"बरं," काका म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. त्या समोरच होत्या, पण त्यांना बराच वेळ दिसल्या नाहीत.